अब्रूदार सूज

आमच्या जुन्नर-आंबेगावात कुठला आजार चारचौघांत सांगायचा आणि कुठला गिळून टाकायचा, हे ठरलेलं आहे. शुगर सांगायची. मणक्यातली गॅप तर कौतुकानं सांगायची, एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरून पाहुण्यांना दाखवायची. अँजिओप्लास्टी झालेला माणूस तर लग्नात पुढच्या खुर्चीवर बसतो. घरामागच्या उसात बिबट्या आला तरी फोटोसकट साऱ्या गावाला कळवतात. पण माणूस सकाळी उठेनासा झाला, जेवेनासा झाला, बागेकडे पाठ करून भिंतीकडे बघत पडला, की घराची दारं लागतात. मग तो जरा थकलेला असतो, नाहीतर त्याला पित्त झालेलं असतं.

माझा धाकटा भाऊ असाच थकला होता.

मला मंचरला दिलेलं. तिथल्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवते. माहेर नारायणगावच्या बाजूला, आणि तिथं भावाची द्राक्षबाग आहे, एक्स्पोर्टची. त्याच्या हाताच्या बोटांना आणि गुडघ्यांना काही वर्षांपासून सूज येत होती. सकाळी मूठ वळत नसे, कात्री धरता येत नसे. ते सगळ्या गावाला माहीत होतं, कारण संधिवात सांगायच्या यादीत बसतो. पण त्या वर्षी माल उत्तम गेला, दर चांगला मिळाला, घरात सगळं धड होतं, आणि हा उन्हाळ्यात अंथरुणाला खिळला. कशामुळे, असं मला अजून लोक विचारतात. शेतकरी म्हटलं की लोकांना आधी कर्ज आठवतं. कर्ज नव्हतं. काहीही नव्हतं. तेच तर त्याला सांगता येत नव्हतं.

मी गेले तेव्हा तो दाढी वाढवून, पांघरूण कानापर्यंत ओढून पडला होता. मे महिन्यात.

"आक्का, मला काय वाटतच न्हाई," तो म्हणाला. "गोड न्हाई, कडू न्हाई. भाकरी खातोय का माती, कळत न्हाई."

मी त्याला गाडीत घातलं आणि पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. भावजयीनं गावात सांगितलं, मणक्याच्या डॉक्टरकडे गेलेत. डॉक्टर वयस्कर होते, बोलायला शांत. त्यांनी याचं सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, सांध्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि एक लहानशी गोळी लिहून दिली. हिचा गुण हळूहळू येईल, म्हणाले, आणि बरं वाटलं तरी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

गुण आला. पावसाळ्याच्या तोंडाशी मी फोन केला तर पलीकडून याचा आवाज येत होता, ठिबकची नळी फाडली म्हणून गड्याला शिव्या देत होता. चांगल्या आईबहिणीवरून. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून त्या शिव्या ऐकल्या आणि मला रडू आलं.

त्या गोळीबद्दल तिघांनाच ठाऊक होतं: त्याला, भावजयीला आणि मला. भावजयीनं ती व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवली होती. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात शिकायला होती, तिला पप्पांचा मणकाच सांगितलेला. म्हटलं, असू दे. माणूस उठून बसलाय, डबीवर काय लिहिलंय त्याच्याशी मला काय करायचंय.

मग श्रावणात ती सभा झाली.

भाऊ ज्यांच्याकडून औषधं-खतं घेतो ते कृषी सेवा केंद्राचे शेठ. त्यांचे पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले, आता हे आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. माणूस मनाचा चांगला आहे. त्यांच्या आईचे गुडघे पुण्यातल्या कुठल्याशा क्लिनिकच्या इंजेक्शनांनी बरे झाले असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आपल्याला लाभलं ते गिऱ्हाइकालाही लाभावं म्हणून त्यांनी त्या क्लिनिकच्या डॉक्टरला नारायणगावात बोलावलं. हॉटेलचा हॉल, स्क्रीन, नंतर जेवण. भावानं मलाही बोलावलं. "तू सायन्सवाली हायेस, तुला कळंल," म्हणाला.

कोट घातलेला तो तरुण डॉक्टर हुशार होता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यानं पहिल्यांदा आजाराचं नावच काढलं नाही.

"तुमच्यात केळी किती जणांची आहे?" त्यानं विचारलं. हात वर झाले. "रोप कुठलं लावता?"

"टिश्यू कल्चर," सगळा हॉल म्हणाला.

"म्हणजे काय? प्रयोगशाळेत थोड्याशा पेशींपासून अख्खं झाड. बरोबर? मग जे केळीत होतं ते माणसात का नाही होणार?"

झालं. तिथेच त्यानं हॉल खिशात घातला. आमची माणसं देवाच्या अंगाऱ्याला आता पूर्वीसारखी भुलत नाहीत, पण टिश्यू कल्चर त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, स्वतःच्या हातानं लावलंय, घड तोलून विकलेत. डॉक्टरनं पुढे सांगितलं की बाळाच्या नाळेतून घेतलेल्या स्टेम सेल सलाइनमधून अंगात सोडतात. त्या जिथं सूज असेल तिथं आपल्या आपण जातात आणि सूज शमवतात. गुडघ्यात असेल तर गुडघ्यात, मणक्यात असेल तर मणक्यात.

"आणि मेंदूत असेल तर मेंदूत," तो म्हणाला. "डिप्रेशन म्हणतात ना, नैराश्य? लोक म्हणतात मनाचा आजार. मनाचा कसला? ती मेंदूला आलेली सूज असते. बोटाला येते तशीच."

माझ्या शेजारी भाऊ ताठ बसला. इतका वेळ तो खुर्चीत पसरून बसला होता.

मी उठून विचारलं, की केळीच्या पेशीचं आणि माणसाच्या पेशीचं एकच गणित कसं, आणि नैराश्यावर हे तुम्ही किती जणांवर, कशा रीतीनं तपासलंत. तो गोड हसला. म्हणाला, मॅडम, आमचे पेशंट हाच आमचा पुरावा. मग त्यानं स्क्रीनवर एक बाई दाखवली, ती आधी रडत होती आणि नंतर बागेत चालत होती. शेठनी मला हातानं बसायची खूण केली. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण बाई, शाळा सुटली आता." लोक हसले. मीही बसले. काय करणार, जेवणाच्या वासानं निम्मा हॉल उठायच्या बेतात होता.

बाहेर गाडीपाशी भावानं माझा हात धरला. बोटं सुजलेली, तरी घट्ट धरला.

"ऐकलंस का आक्का? सूज व्हती ती. मला येड न्हवतं लागलं. सूज व्हती."

"तुला वेड लागलंय असं कोण म्हणालं होतं?"

"कोण म्हणायला कशाला पायजे," तो म्हणाला.

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसाचा असावा तसा तो चेहरा होता. त्या गोळीनं त्याला उठवलं होतं, चालवलं होतं, शिव्या द्यायला लावल्या होत्या. पण गोळीनं त्याची अब्रू परत दिली नव्हती. ती त्या कोटवाल्यानं एका वाक्यात दिली. सूज म्हटलं की बोट आलं, गुडघा आला, गावात सांगण्यासारखा आजार आला.

आणि चीड याची येते की ते वाक्य धादांत खोटं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काही पेशंटमध्ये शरीरातली सूज आणि नैराश्य हातात हात घालून येतात, हे खरं आहे. तुमचा भाऊ कदाचित त्यातलाच असेल. स्टेम सेलनं ती सूज शमली तर मनही सावरेल का, यावर जगात अभ्यास चाललेत. उद्या त्यातून काही चांगलं निघेलही. पण आज ते अभ्यासातच आहे, दुकानात मांडून विकायची वस्तू नाही. शेवटी म्हणाले, तो काहीही करो, गोळी बंद करू देऊ नका.

मी हे सगळं भावाला शब्दशः सांगितलं. तो "हो हो" म्हणाला. त्याला त्यातलं "खरं आहे" एवढंच ऐकू आलं होतं.

गणपती बसायच्या आधी तो क्लिनिकला जाऊन आला. मीही बरोबर होते. गुबगुबीत सोफे, माशांची काचेची पेटी, भिंतभर सर्टिफिकिटं. त्याला सलाइन लावलं, बाजूला भावजय हात जोडून बसली होती. आधीच्या औषधांचं कुणी विचारलं का, म्हणून मी नर्सला विचारलं. भावजयच मधे बोलली, "सांध्याच्या गोळ्या हायेत, बाकी काय न्हाई." मी तिच्याकडे बघितलं. तिनं माशांकडे बघितलं.

आठवड्याभरात त्याची मूठ वळायला लागली. गुडघ्यांची सूज उतरली. घरात दिवाळीच आली. भावानं ओझरला विघ्नहराला अभिषेक केला, पेढे वाटले, वाटताना प्रत्येकाला मूठ वळवून दाखवली. सांध्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, इतका झटपट उतार स्टिरॉइडनंही पडतो. सलाइनमधून आणखी काय सोडलं ते कागदावर लिहिलं असेल तर दाखवा. क्लिनिकच्या कागदावर पैशांचा आकडा सोडून सगळं मोघम होतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा भावजय म्हणाली, "वन्सं, बरं झालेलं बी तुमाला बघवंना व्हय?" मी पेढा खाल्ला आणि घरी आले.

मग ऑक्टोबरची छाटणी आली.

ज्यांनी द्राक्षबाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. या छाटणीवर सगळं वर्ष उभं असतं. छाटणी झाली की लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, एक औषधी पेस्ट लावावी लागते. ती वेळेत लागली तर सगळे डोळे एकसारखे फुटतात, नाहीतर बाग मागंपुढं होते आणि एक्स्पोर्टचं नाव काढायला नको. भाऊ त्या दिवसांत जेवायलाही बांधावरून उठत नसे. त्या वर्षी मला सकाळी सकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, टोळी बांधावर बसून हाये आन हे उठत न्हाईत."

मी शाळेत रजा टाकून गेले. मजूर बांधावर तंबाखू मळत बसलेले, बादल्या रिकाम्या. आत भाऊ भिंतीकडे तोंड करून. तीच भिंत, तसंच कानापर्यंत पांघरूण.

पहिल्यांदा आम्ही दोघींनी बाहेरचं निस्तरलं. भावजयीनं पेस्ट कालवली, मी हातमोजे घालून बायकांबरोबर ओळी धरल्या. माझं निम्मं आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेलंय. संध्याकाळी मान वर करता येत नव्हती. मग हातपाय धुऊन मी त्याच्या उशाशी जाऊन बसले.

"गोळी घेतोयस ना?"

त्यानं पांघरूण आणखी वर ओढलं.

"अरे गोळी घेतोयस का?"

"बंद केली."

"कधी?"

"इंजेक्शनच्या आधी."

"कुणी सांगितलं तुला बंद करायला? त्या कोटवाल्यानं?"

"कुणी सांगायला कशाला पायजे?" तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "माल काढायच्या आधी आपण फवारणी थांबिवतोच की. द्राक्षाचं शांपल लॅबला जायाचं तर अंगात औषधाचा रेसिड्यू चालंल का? आधीचं औषध अंगातनं पार निघून गेल्याबिगार नवं कसं लागू पडंल?"



"आन दोन औषधं एकाच येळी मारली," तो म्हणाला, "तर गुण कशानं आला ते कळायचं कसं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण प्रश्न बिनचूक होता. मी वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत आले की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यानं स्वतःची बाग केली होती, आणि प्रामाणिक बागायतदार काढणीआधी वागतो तसा तो स्वतःशी वागला होता. आधी औषध थांबवलं, अंग स्वच्छ केलं, मग नवं घेतलं. द्राक्षाचा घड असता तर परदेशात पहिल्या नंबरानं पास झाला असता.

"तू घड आहेस का?" मी ओरडले. "घड आहेस का रे तू?"

तो रडायला लागला. मग मीही.

दुसऱ्या दिवशी त्याला उचलून पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांनी हे पुष्कळ पाहिलं असावं. तीच गोळी परत सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात भावजय, मला न सांगता, शेठची गाडी घेऊन त्याला क्लिनिकला घेऊन गेली. तिथं त्याला बूस्टर दिला. पहिल्या डोसनं सूज पूर्ण गेली नव्हती, असं तिथं सांगितलं म्हणे.

म्हणजे शेवटी दोन औषधं एकाच वेळी मारली गेलीच. संक्रांतीपर्यंत भाऊ उठला, माल काढायच्या वेळी शेडमध्ये उभा राहून पेट्या मोजू लागला, आणि गुण कशानं आला हा प्रश्न विचारायची कुणाला गरज वाटली नाही. बूस्टरनं आला. सगळ्यांचं एकमत झालं, भावाचंसुद्धा. मी गोळीचं नाव काढलं की भावजय पदर सावरत आत जाई आणि भाऊ हवामानावर बोले. गोळी मात्र तो घेत होता. त्या वेळेपासून आजपर्यंत एक दिवस त्यानं चुकवलेली नाही. रेसिड्यूचा धडा तो शिकला, फक्त कुणाला सांगायचा नाही एवढंच ठरवलं.

मग क्लिनिकवाल्यांनी त्याचा व्हिडिओ काढला. मागं बाग, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "मला दोन पावलं चालवत न्हवतं," तो सांगतो. "मेंदूला बी सूज व्हती. झोप न्हाई, जेवण न्हाई, बागंत पाय टाकवत न्हवता. स्टेम सेल घेतल्यावर आज मी तुमच्यापुढं उभा हाये." तो व्हिडिओ द्राक्षवाल्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. मला तो आमच्या शाळेच्या शिपायानं दाखवला, तुमच्या भावासारखेच दिसतात म्हणून. एका अर्थी बापड्यानं या भागात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की माणूस असा आजारी पडू शकतो. कौतुक करावं का त्याला चपलेनं मारावं, मला कळेना.

मधे दीडेक वर्ष गेलं. गेल्या पावसाळ्यात भाची माझ्याकडे मंचरला राहायला आली.

शिक्षण संपवून ती पुण्यात नोकरीला लागली होती. घरून काम आहे म्हणून आली, पण लॅपटॉप उघडेना. सकाळची उठेना. मी आवडीचं केलं तर ताटात बोटं फिरवत बसे. मला कळत होतं, तरी मी दोन दिवस स्वतःशी नाही नाही म्हणत राहिले. मग एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मला कशाची चवच येत नाही गं. सगळं सारखंच लागतं. कधी कधी वाटतं, उठूच नये."

माझे हात तिच्या केसांत तसेच राहिले. बापाच्या तोंडचं ते भाकरी-मातीचं वाक्य तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. ती स्वतःच त्या जागी जाऊन पोचली होती.

मी तिथल्या तिथे पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, वेळ घेतली. तिला म्हटलं, याला औषध आहे, गोळी आहे, बरी होशील. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "वेड्यांची गोळी? नको आत्या. पप्पांना हेच झालं होतं ना? त्यांना कुठे गोळी लागली? त्यांचं तर इंजेक्शननं गेलं." आणि तिनं मोबाइलवर तो व्हिडिओ काढला. तिनं तो इतक्या वेळा पाहिला होता की बापाबरोबर ओठ हलवत होती.

मी दुसऱ्या दिवशी भावाकडे गेले. तो पॅकिंग शेडमध्ये एकटाच होता. मी त्याला सगळं सांगितलं, ती काय म्हणाली तेही, उठूच नये वाटतं तेही. तो खोक्यांच्या थप्पीवर बसला. बाप होता, कळलं त्याला. माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार.

"एकच वाक्य सांग तिला," मी म्हटलं. "मी गोळी घेतो, एवढंच. डॉक्टरकडे मी नेते, सगळं मी करते. तू फक्त एवढं बोल."

"तिला स्थळं बघतोय, आक्का."

"म्हणून?"

"बापाला मनाचा आजार, पोरीला बी त्योच. म्हंजे घराण्याच्या रक्तातच हाये म्हणतील."

म्हणतीलच. ज्या गावात मी वाढले त्या गावाची जीभ मला माहीत आहे.

"गावाला नको सांगू. तिला सांग. तिला एकटीला, दार लावून."

तो खोक्यावरची चिकटपट्टी नखानं उचकटत राहिला. मग म्हणाला, "तिला सांगितलं की ती उद्या नवऱ्याला सांगंल. आताची पोरं लई खरं बोलत्यात."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तू भेकड आहेस म्हणाले. तो ऐकून घेत राहिला. गोळीनं माणूस किती शांत होतो ते त्या दिवशी मला दिसलं. घरी येऊन मी भाचीला मीच सांगितलं. तुझा बाप रोज सकाळी गोळी घेतो, तुझ्या आईला माहीत आहे, मला माहीत आहे, आता तुलाही माहीत झालं. तिनं हातातला मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाली, "मी पप्पांनाच विचारते."

रविवारी आम्ही नारायणगावला गेलो. मासवड्या केल्या होत्या भावजयीनं. जेवणं झाली, ताटं उचलायची होती, आणि पोरीनं सरळ विचारलं, "पप्पा, तुम्ही डिप्रेशनची गोळी घेता का?"

भावजयीचा हात रश्शाच्या पातेल्यावर थांबला. भावानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, गयावया होती, आणि तीच मला जास्त लागली. मी नजर काढली नाही. मनात म्हणत होते, बोल. पोरीसाठी बोल. तुला काहीही म्हणू दे जग, तू बोल.

"न्हाई," तो म्हणाला. "कसली गोळी? इंजेक्शनानंच झालं माझं. तुझं बी व्हईल. म्या हाये ना."

आणि पोर हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उठून बापाच्या गळ्यात पडली. त्या हसण्यापुढे मी खोटारडी ठरले, भांडणं लावणारी आत्या ठरले, आणि याहून वाईट म्हणजे क्षणभर मलाही वाटलं की ती हसली हे काय थोडं झालं. भाऊ तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचं प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या जिवाची आग त्यामुळेच तर विझत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांकडची वेळ भावजयीनं परस्पर फोन करून रद्द केली. पुढच्या आठवड्यात ते तिघं क्लिनिकला गेले. जाताना मंचरात शिरले नाहीत, बायपासनं गेले. दुपारी भाचीनं मला तिथून फोटो पाठवला. सोफ्यावर बसलेली, हाताला सलाइन, अंगठा वर केलेला, खाली लिहिलेलं, आत्या काळजी करू नको.

तिचा चेहरा तसाच ओढलेला होता. मागे भाऊ उभा होता, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मी फोटो मोठा करून बघितला. दाढी गुळगुळीत केलेली, गाल भरलेले, डोळे टवटवीत. फार छान दिसत होता तो. सकाळची गोळी घेऊनच निघाला असणार.